वाचलेल्यांचा हिशेब

पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटेपासून रांग लागलेली असते. मुलगा अनवाणी पट्टीला पाठ लावून उभा राहतो. टाचा जमिनीला टेकल्यात ना, हे कुणीतरी वाकून बघतं आणि वरची आडवी पट्टी त्याच्या डोक्यावर येऊन थांबते. पुरुषांसाठी सर्वसाधारण निकष १६५ सेंटिमीटरचा. त्याला थोडं कमी भरलं की दोन वर्षं पहाटे उठून केलेला सराव, अकॅडमीची फी, घरच्यांनी काढलेलं कर्ज, सगळं तिथेच थांबतं. मुलगा बाहेर येतो आणि मित्रांना दोनच शब्द सांगतो, "उंचीत गेलो."

या मुलाला आपल्या व्यवस्थेने आयुष्यात पहिल्यांदा मोजलेलं नसतं. वीस वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या काट्याला झोळीत घालून त्याचं वजन केलेलं असतं, तक्त्यावर ठिपका पडलेला असतो. तो ठिपका रेषेच्या खाली गेला म्हणून कुणाचं काही अडलं नाही. आता अडलं ते फक्त त्या मुलाचं. अंगणवाडीत कमी भरलं तेव्हा ती आकडेवारी होती, भरतीत कमी भरलं तेव्हा ती त्याची अपात्रता झाली.

त्या एका मुलाची उंची नेमकी कशामुळे कमी पडली, हे कुणालाच सांगता येणार नाही. आईवडील ठेंगणे असतील, काहीही असेल. पण मैदानावरच्या सगळ्या रांगेबद्दल मात्र बोलता येतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी होती. त्याआधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत हा आकडा ३४.४ टक्के होता. म्हणजे दर तिसऱ्या मुलाची वाढ खुंटलेली, आणि आकडा जिथल्या तिथे. ही मुलं मेलेली नाहीत. ती शाळेत जातील, भरतीला उभी राहतील, लग्नं करतील, चाळिशीत गोळ्या सुरू करतील. आपल्याकडे मेलेल्या मुलांचा हिशेब निदान मागितला तरी जातो. वाचलेल्यांचा हिशेब कुणी मागत नाही, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

मेलेल्यांचा हिशेबही आपण सहजासहजी शिकलेलो नाही. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. २००१मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिलं की सरकारी नोंदीत दिसतात त्याहून कितीतरी अधिक मुलं मरतात. त्याच्या आधीच, १९९५ ते १९९८ या काळात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांमध्ये घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणलं. पुढे देशभरच्या 'आशां'च्या कामात हीच पद्धत आली. हे यश फार मोठं आहे. पण ज्या बाळांना ऊब देऊन, संसर्गातून सोडवून जगवलं त्यांच्यात दिवस पूर्ण न भरलेली आणि कमी वजनाची बाळं बरीच होती. ती आज पंचविशी ओलांडून गेली. त्यांचं काय झालं, हा प्रश्न त्या यशातूनच जन्माला येतो. जगवणाऱ्यांनी आपलं काम केलं, पुढचं कुणाचं?

पुढे काय होतं, याची थोडीफार उत्तरं आपल्या दाराशी आहेत. १९९३पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेत आहेत. गरोदर राहण्याआधी या बायकांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथवर कुणालाच नवल वाटणार नाही. नवल पुढे होतं. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळी आणि आतून मेदाची, अशी ती बाळं होती.

अशाच बाळाचं मोठं झालेलं रूप २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका छायाचित्रात जगाने पाहिलं. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे याज्ञिक. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ माणसाला चाळिशीत मधुमेह निघाला की घरचे चक्रावतात. 'अंगावर तर काही नाही, मग साखर कशी?' त्याच्या उत्तराचा एक भाग आईच्या पोटात दडलेला असतो. पोटात अन्न कमी पडलं की गर्भ काटकसर करतो. मेंदूला आधी देतो, स्नायू, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांना मागे ठेवतो. दुष्काळात घर चालवणारी बाईही हेच करते. पंचाईत होते ती पुढे सुकाळ आल्यावर. दुष्काळाच्या बेताने उभारलेल्या देहात वडापाव, गोड चहा आणि बैठी नोकरी येऊन पडते.

हे सूत्र पहिल्यांदा ठळकपणे मांडलं ते इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी. हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून सुइणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन खातेवहीत टिपून ठेवत होत्या. त्या जुन्या वह्यांवरून बार्कर यांनी माणसं शोधून काढली. जन्मतः आणि पहिल्या वर्षाअखेर ज्यांचं वजन कमी होतं, ते पुढे हृदयविकाराने अधिक प्रमाणात मेले होते. या गोष्टीतल्या विज्ञानाइतक्याच मला त्या वह्या महत्त्वाच्या वाटतात. सत्तर वर्षांनी कुणाला उपयोग होईल हे माहीत नसताना कुणीतरी नेमाने लिहीत राहिलं आणि कुणीतरी ते लिहिलेलं जपून ठेवलं.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांची गोष्ट याच्या शेजारची, पण वेगळी आहे. जुन्या बायका म्हणायच्या, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. हे खरं नाही. गर्भात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म घटक गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. त्यानंतर आयुष्यभर त्यात नवी भर पडत नाही. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ही शिदोरी पूर्ण बांधून न घेताच निघालेलं असतं. फुप्फुसांचं थोड्याफार फरकाने तसंच. म्हणूनच अशा मुलांमध्ये मोठेपणी रक्तदाब वाढण्याचं, फुप्फुसांची क्षमता कमी असण्याचं प्रमाण अधिक आढळतं. पण घाबरवून सोडण्याआधी दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वीडनमध्ये लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक तरुणपणी कोणत्याही मोठ्या आजाराविना जगताना आढळले. पूर्ण दिवसांच्या लोकांत हे प्रमाण सुमारे ६३ टक्के होतं. अगदीच लवकर आलेल्यांत ते बरंच घसरतं. म्हणजे फरक आहे, पण शिक्षा नाही. मात्र हा फरक सांभाळायचा तर तो आधी माहीत असायला हवा. आपल्याकडे डॉक्टर विचारतात, घरात कुणाला मधुमेह आहे का? तुम्ही कितव्या आठवड्यात जन्मलात, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलं तरी उत्तर देणारी आई तोवर हयात असतेच असं नाही, आणि कागद तर कधीच हरवलेला असतो.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. भारतीय माणूस मुळातच लहान चणीचा, त्याला युरोपच्या मापाने का मोजता? अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३मध्ये अशाच स्वरूपाचा मुद्दा मांडून भारतातल्या कुपोषणाचे आकडे फुगलेले आहेत असा युक्तिवाद केला होता. मग पट्टी कुठून आली ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे तक्ते सहा ठिकाणच्या मुलांवरून बनले. त्यात नॉर्वेचं ऑस्लो होतं, तशी दिल्लीही होती. दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली, अंगावर दूध मिळालेली मुलं लहान वयात ऑस्लो किंवा अक्रा इथल्या मुलांइतकीच वाढली. दुसरा पुरावा अधिक बोचरा आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी भारतीय आणि आफ्रिकी मुलांच्या उंचीची तुलना केली. त्यात भारतातला थोरला मुलगा कुठेही कमी पडत नाही. उंची घसरत जाते ती पाठच्या भावंडांत, आणि मुलींत जास्त. वंशाचा दोष असता तर तो थोरल्या मुलाला का वगळेल? गुणसूत्रं काही ताट वाढताना मुलगा की मुलगी बघत नाहीत. ते घरात बघितलं जातं.

'मूर्ती लहान पण कीर्ती महान' असं आपण कौतुकाने म्हणतो. एखाद्या माणसापुरतं ते खरंही असतं. पण त्याचा आडोसा करून एका पिढीच्या तिसऱ्या हिश्शाकडे डोळेझाक करता येत नाही. कारण उंची हा मुळात प्रश्नच नाही. खुंटलेली उंची बाहेरून दिसते म्हणून ती खूण. ज्या दोन-अडीच वर्षांत हाडं वाढायची राहतात, त्याच वर्षांत मेंदूत जोडण्या होत असतात.

याचा पडताळा ग्वाटेमालात मिळतो. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन गावांत मका आणि दुधाच्या भुकटीची प्रथिनयुक्त पेज मिळायची, दोन गावांत गोडसर सरबत. मुलं मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा गेले. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सरबतवाल्या गावांतल्या पुरुषांपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त निघाली. वाढत्या वयात बऱ्याच उशिरा मिळालेल्या पेजेने कमाईत असा फरक पडला नव्हता. बायकांच्या बाबतीत निकाल वेगळा लागला. पेज मिळालेल्या मुली शाळेत अधिक शिकल्या, त्यांची बाळंही वजनदार झाली, पण त्यांची कमाई वाढली नाही. कारण त्यांच्यापुढे कामंच मोजकी आणि हलक्या मोलाची होती. पेजेने देह उभा राहिला, बाजाराने त्याला जागा दिली नाही. पोषणाकडे केवळ 'गुंतवणूक' म्हणून पाहणाऱ्यांनी हा दाखला जवळ ठेवावा. परतावा मोजायला बसलो तर मुलींना वाढायचं कारणच उरणार नाही.

आता दुसरी, अधिक घातक समजूत. बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन कपाळी आयुष्य लिहून जाते असं मानतात. 'पाचवीला पुजलेलं' म्हणजे आता न सुटणारं. भीती अशी वाटते की हे नवं विज्ञान या जुन्या समजुतीला पांढरा कोट चढवेल. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस संपले, खेळ संपला, आता या मुलावर खर्च करून काय उपयोग? खरं तर पाचव्या रात्री कागद कोरा नसतो, आणि पुढेही तो खोडता येत नाही असं नाही. कोलंबियात बोगोटा इथे १९७८मध्ये डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटर अपुरे पडले म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधायला सुरुवात केली. आपण तिला कांगारू पद्धत म्हणतो. तिथल्या बाळांची वीस वर्षांनी तपासणी झाली तेव्हा कांगारू पद्धतीने सांभाळलेली मुलं शाळेत कमी गैरहजर राहिलेली, वागण्यात कमी आक्रमक आढळली. आपल्याकडचाही दाखला आहे. १९९३ ते २०१६ दरम्यानच्या भारतातल्या आकडेवारीचा अभ्यास सांगतो की ज्या मुलींना शाळेत दुपारचं जेवण मिळालं, त्या पुढे आया झाल्यावर त्यांच्या मुलांत वाढ खुंटण्याचं प्रमाण कमी राहिलं. शाळेतली खिचडी दोन वर्षांखालच्या बाळाच्या ताटात कधीच पडत नाही, तरी ती पुढच्या पिढीच्या बाळापर्यंत पोहोचली. दार अरुंद होत जातं, पण कडी लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. उशिरा घाईघाईने वजन वाढवणं म्हणजे भरपाई नव्हे. १९६९पासून दिल्लीत पाठपुरावा केलेल्या मुलांपैकी ज्यांना तिशीच्या आसपास मधुमेह किंवा त्याची सुरुवात निघाली, ती दोन वर्षांची होईपर्यंत हडकुळी होती आणि त्यानंतर झपाट्याने जाड होत गेली होती. पुण्याच्या गावांतही बाळाचं वजन आईच्या एकूण उष्मांकांशी फारसं जुळलं नाही. जुळलं ते पालेभाजी, फळं आणि दूध ती किती वेळा खाते याच्याशी. तिथल्या बहुसंख्य बायकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फॉलिक आम्ल मात्र भरपूर, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. एक गोळी दिली, एक पाकीट वाटलं, रकाना भरला, अशा कामाला हे उत्तर पुरेसं आहे.

पण पुण्याच्या त्या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद ताटाची नाहीच, कामाची आहे. गरोदरपणी ज्या बायका विहिरीचं पाणी वाहत होत्या, शेतात राबत होत्या, त्यांची बाळं लहान भरली. इथे हा विषय डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या हातातून सुटतो. आपण कुपोषण म्हटलं की लगेच काय वाढायचं याची चर्चा करतो. अंडी की केळी, गरम जेवण की घरी न्यायची पाकिटं. बाईला बसू कधी द्यायचं, हा प्रश्न आहारसमितीच्या बैठकीत येत नाही. २०१७च्या दुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रातल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. तिला ती मिळायलाच हवी. असंघटित बाईला २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक बाळंतपणाला किमान ६,००० रुपयांचं वचन दिलं. २०१७मध्ये योजना आली ती पहिल्या बाळापुरती आणि ५,००० रुपयांची. दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये देण्याची तरतूद नंतर झाली. एकीचं सहा महिन्यांचं वेतन आणि दुसरीचे पाच-सहा हजार. दोघींच्या पोटातली बाळं मात्र एकाच वेगाने वाढायची अपेक्षा.

हा फरक कुठे सर्वांत उघडा पडतो ते बघायचं तर उसाच्या फडावर जावं लागेल. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधीच घेतलेली उचल फिटेपर्यंत अंगावर असते. पहाटे अंधारात तोड सुरू होते, मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकवर चढवायच्या, कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतून पाणी आणि चूल. यात दिवस गेलेल्या बाया असतात, सातव्या-आठव्या महिन्यातल्या असतात. एक दिवस गैरहजर राहिलं की तो 'खाडा', आणि त्याचे पैसे कापले जातात. तिची नाव-नोंद गावच्या अंगणवाडीत असते आणि ती असते तीनशे किलोमीटरवर. वजनाचा तक्ता एका गावात, पोट दुसऱ्या गावात. तिथे जे बाळ जन्मतं ते लहान का, याचं उत्तर शोधायला रक्ततपासणीची गरज नाही.

म्हणून मागणी करायची तर ती वाटपाची नको, हिशेबाची हवी. अपुऱ्या दिवसांत किंवा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा कागद अतिदक्षता कक्षाच्या दारात संपू नये. तो शाळेच्या आरोग्य तपासणीत आणि पुढे विशीतल्या रक्तदाबाच्या नोंदीपर्यंत त्याच्याबरोबर जावा. गरोदर बाईची नोंद तिच्या गावाशी नव्हे, तिच्याशी बांधलेली असावी. आणि असंघटित बाईची विश्रांती ही मदत नव्हे, तिची मजुरी मानली जावी. मुख्य म्हणजे यश मोजायची घटका बदलावी. बाळ वाचलं की आपण टाळ्या वाजवून निघून जातो. ते विशीत कसं उभं आहे हे बघायला कुणीतरी परत यावं.

आपल्याकडे नेमाने लिहिणारं कुणीच नाही असं मात्र म्हणता येत नाही. ऊसतोडीच्या मुकादमाची वही बघा. कोणत्या तारखेला कोणती बाई कामावर आली नाही, ते त्यात एकही दिवस न चुकता टिपलेलं असतं. हर्टफर्डशायरच्या सुइणींच्या तोडीची ती वही आहे. फक्त तिच्यात बाईने घेतलेल्या विसाव्याचा प्रत्येक दिवस तिच्या नावावर कर्ज म्हणून मांडलेला असतो. ती बाई विसावा घेत नाही, खाडा पडू देत नाही. न पडलेल्या त्या खाड्याची वसुली वीस वर्षांनी भरतीच्या मैदानावर होते, त्या मुलाकडून.